व्हिक्टोरियातील उपनगरात रस्त्याची दुरुस्ती कशी करवून घ्यावी

मेलबर्नच्या उपनगरात घरासमोर खड्डा पडला की बहुतेक रहिवासी ‘रस्ता फार खराब झाला आहे’ एवढेच काउन्सिलला (स्थानिक नगरपालिकेला) कळवतात आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहतात. काम रखडण्याचे कारण दर वेळी अनास्थाच असते असे नाही. पुष्कळदा तक्रार चुकीच्या दारी गेलेली असते, किंवा तिच्यात एकही मोजमाप नसते.

म्हणून प्रथम रस्ता कोणाचा हे ठरवावे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील ‘रोड मॅनेजमेंट ॲक्ट 2004’ या कायद्यानुसार फ्रीवे आणि मोठे आर्टिरियल (मुख्य वाहतुकीचे) रस्ते राज्याच्या परिवहन व नियोजन विभागाकडे असतात, तर गल्लीबोळ आणि वस्तीतले रस्ते राज्यातील 79 काउन्सिलांपैकी आपापल्या काउन्सिलकडे. घोटाळा होतो तो आर्टिरियल रस्त्यावर, कारण शहरी भागात वाहत्या रहदारीचा पट्टा राज्याचा असला तरी त्याच रस्त्याचा फुटपाथ आणि सर्व्हिस रोड सहसा काउन्सिलच्या जबाबदारीत येतात; तेव्हा मधल्या लेनमधला खड्डा आणि त्याच्या शेजारची उचकटलेली फरशी यांच्या तक्रारी दोन वेगळ्या ठिकाणी द्याव्या लागतात. प्रत्येक काउन्सिलला सार्वजनिक रस्त्यांची नोंदवही ठेवावी लागते. तिच्यात आपला रस्ता सापडला नाही, तर तो टाउनहाउस संकुलातला अंतर्गत रस्ता असण्याची शक्यता आहे, आणि मग त्याचा खर्च ओनर्स कॉर्पोरेशनच्या (संकुलातील घरमालकांच्या संस्थेच्या) वर्गणीतून होतो. डांबर सरळ रेषेत खचले असेल, तर तिथे पाण्याच्या किंवा गॅसच्या वाहिनीसाठी चर खोदला गेला असावा. हा अंदाज तक्रारीत जरूर लिहावा, म्हणजे चर बुजवणाऱ्या संस्थेपर्यंत विषय लवकर पोहोचतो.

यानंतर काउन्सिलचा रोड मॅनेजमेंट प्लॅन, म्हणजे रस्त्यांच्या पाहणी-दुरुस्तीचे तिने स्वतः ठरवलेले निकष, उघडावा. तो कंटाळवाणा असतो, पण सगळी किल्ली त्यातच आहे. रस्ता दुरुस्त न केल्याबद्दल रस्ता प्राधिकरणांना असलेले जुने संरक्षण ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने 2001 साली ब्रोडी खटल्यात काढून टाकले. त्यानंतर आलेल्या 2004 च्या कायद्याने प्राधिकरणांना स्वतःचे वाजवी निकष ठरवून ते पाळल्यास न्यायालयात बचाव मिळण्याची सोय केली. अर्थात हा प्लॅन काउन्सिलची ढाल आहे. रहिवाशाने मात्र तो मोजपट्टी म्हणून वाचावा. कोणत्या दर्जाच्या रस्त्याची किती दिवसांनी पाहणी होते, खड्डा किती मिलिमीटर खोल आणि किती रुंद झाला की दखल घेतली जाते, फुटपाथच्या दोन फरशांत किती उंचीचा फरक चालतो आणि किती दिवसांत काम व्हायला हवे, हे सारे त्यात लिहिलेले असते. हे आकडे काउन्सिलगणिक बदलतात, त्यामुळे पलीकडच्या उपनगरातल्या मित्राचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

खड्ड्यावर सरळ पट्टी आडवी ठेवून तिच्या खालची खोली आणि सर्वांत रुंद जागा मोजावी, मोजपट्टीसह छायाचित्र काढावे आणि जवळचा घरक्रमांक व तारीख नोंदवावी. वाहत्या रस्त्यात उभे राहून मोजण्याचे धाडस करू नये. तिथे अंदाज पुरेसा आहे. तक्रार दिल्यावर संदर्भ क्रमांक मागून घ्यावा.

खड्ड्याच्या आधी भेगा येतात, आणि खरे तर त्याच वेळी कळवणे स्वस्त पडते. मेलबर्नच्या पश्चिमेकडील बसाल्टच्या पठारावरची चिकणमाती ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. डांबर फाटते, भेगेतून पाणी खालच्या थरात मुरते आणि चाकांच्या दाबाने तो थर सैल होतो. तुंबलेले पिट (पावसाचे पाणी वाहून नेणारा खड्डा) किंवा कर्बला, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या दगडी काठाला, साचणारे पाणी तसेच ठेवून वरून ठिगळ लावले, तर पुढच्या पावसाळी हिवाळ्यात ते पुन्हा उखडण्याचा धोका असतो. म्हणून निचऱ्याची पाहणी झाली का, हे लेखी विचारावे.

काही कामे आपलीच असतात: नेचर स्ट्रिपवरचे (फुटपाथ आणि रस्ता यांमधल्या हिरव्या पट्ट्यावरचे) गवत कापणे काउन्सिलला सहसा रहिवाशांकडूनच अपेक्षित असते, आणि ड्राइव्हवेच्या क्रॉसओव्हरची (रस्ता आणि घराची हद्द यांना जोडणाऱ्या भागाची) देखभाल घरमालकाकडे येते. क्रॉसओव्हर बदलायचा असल्यास आधी परवाना काढावा.

रस्त्याच्या अवस्थेमुळे इजा किंवा नुकसान झाले आणि दावा करण्याचा विचार असेल, तर घटनेपासून 30 दिवसांच्या आत जबाबदार प्राधिकरणाला लेखी सूचना द्यावी. ती मिळाल्यावर त्याला त्या जागेच्या स्थितीचा अहवाल तयार करावा लागतो. वाहनासारख्या मालमत्तेचे ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान मात्र भरून मिळत नाही. ही मर्यादा सुरुवातीला 1000 डॉलर होती आणि ती दरवर्षी वाढते.

प्लॅनमधली मुदत उलटूनही काम झाले नाही, तर संदर्भ क्रमांक आणि प्लॅनमधले नेमके कलम देऊन काउन्सिलकडे औपचारिक तक्रार करावी, आपल्या वॉर्डाच्या काउन्सिलरला प्रत द्यावी आणि तिथेही दाद लागली नाही तर व्हिक्टोरियन ऑम्बड्समनकडे (सरकारी संस्थांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे) जावे. निकषच ढिला वाटत असेल, तर तक्रारीने तो बदलत नाही; त्यासाठी निवडणुकीनंतर प्लॅनचा फेरआढावा निघतो, तेव्हा मोजमापे आणि छायाचित्रे जोडून लेखी सूचना पाठवाव्यात.