स्टॉक स्पोर्ट्स कारला ऑइल कॅच कॅन: कधी लावायचा, कधी नाही

कंपनीतून आली तशीच असलेली, रस्त्यावर चालणारी आणि वेळेवर ऑइल बदललेली स्पोर्ट्स कार असेल, तर तिला कॅच कॅन, म्हणजे इंजिनातल्या वायूतलं ऑइल गाळून साठवणारा डबा, लागत नाही. कारण समजून घेतलंत तर तुमची गाडी अपवादात बसते का, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

ज्वलनातला थोडा वायू पिस्टन रिंगच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या भागात, उतरतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि ऑइलचे बारीक कण असतात. तो तिथेच कोंडला तर दाबाने सील बाहेर ढकलले जातात आणि ऑइल गळायला लागतं. म्हणून पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधला वायू बाहेर काढणारी यंत्रणा, तो परत इनटेकमध्ये, इंजिनात हवा जाते त्या वाटेत, सोडते. वाटेत ऑइल वेगळं करणारा सेपरेटर आजच्या बहुतेक इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह कव्हरमध्ये किंवा ब्लॉकवर कंपनीनेच बसवलेला असतो. कॅच कॅन हा त्याच्यापुढे जोडलेला आणखी एक गाळणीचा डबा.

इनटेक पाइपमध्ये ऑइलचा ओलसर थर दिसला की लोक घाबरतात. पांढऱ्या फडक्याला पुसल्यावर तपकिरी डाग येणं टर्बो गाडीत नेहमीचं आहे. पाइपच्या खालच्या वळणात ऑइल साचून हलताना दिसलं तर मात्र शोध घ्यायचा, आणि तो कॅच कॅनपासून सुरू करायचा नाही.

आधी ऑइलची पातळी बघा. इंजिन गरम, गाडी सपाट जागी, बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक काढा. सर्व्हिसमध्ये खूणेपेक्षा वर ऑइल भरलेलं असेल तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि तोच फेस पीसीव्हीतून इनटेककडे जातो. जास्तीचं ऑइल काढलं की बऱ्याचदा तक्रार संपते. मग इंजिन आयडलवर ठेवून ऑइलची कॅप सैल करा. कॅप आत घट्ट ओढली जात असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय. उलट धूर आणि हवा जोरात बाहेर येत असेल, तर पीसीव्ही तुंबलाय किंवा रिंग झिजल्यात. रिंगचा संशय असेल तर लीक-डाउन टेस्ट करून घ्या, त्यात सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजतात. गळती दहा टक्क्यांच्या आत असली तर इंजिन चांगलं आहे, वीसच्या वर गेली तर ते उघडायची तयारी ठेवा. झिजलेल्या इंजिनावर कॅन लावला तर आजार तसाच राहतो आणि डबा मात्र सतत भरत राहतो.

कॅनचा खरा उपयोग डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या इंजिनात आहे. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर पडतं आणि ती बाजू धुतली जाते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे ऑइलचे कण गरम व्हॉल्व्हवर बसून कोळसा होत राहतात. कॅन कोळसा बसायचा वेग कमी करतो, तो थांबवत नाही. व्हॉल्व्ह गाइडमधून झिरपणाऱ्या ऑइलवर त्याचा काहीच इलाज नाही. बसलेला कोळसाही कॅन काढू शकत नाही, त्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीने ब्लास्टिंग करावं लागतं. बोरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, व्हॉल्व्ह बघितल्याशिवाय तेही करू नका. ऑइल निवडताना डब्यावरच्या ग्रेडसोबत डेटाशीटमधला नोॲक आकडा, म्हणजे तापल्यावर किती टक्के ऑइल वाफ होऊन उडतं तो, बघा. तो जितका कमी, तितकं ऑइल कमी उडतं. एसीईए सी३ या युरोपीय दर्जाच्या ऑइलला त्याची मर्यादा १३ टक्के आहे.

समृद्धीवर गाडी पळवतो म्हणून कॅन हवा, हा समज बरोबर नाही. तिथल्या १२० च्या मर्यादेत वरच्या गिअरला इंजिनावर फारसा भार नसतो आणि ब्लो-बाय कमीच राहतो. गरज पडते ती ट्रॅकवर. बुद्ध सर्किट, कोइमतूरचं कारी किंवा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई इथे लांब वळणांत ऑइल हेडच्या एका बाजूला जमतं, वर पूर्ण थ्रॉटल असतो, आणि सेपरेटरला ते झेपत नाही. ऑइलमिश्रित हवेने पेट्रोलची नॉकविरोधी, म्हणजे अवेळी पेट न घेण्याची, ताकद घटते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाडीला कॅन लावणं योग्य आहे.

लावायचा ठरला तर आत जाळी किंवा आडपडदे असलेला, ३०० ते ५०० मिलीचा, खाली ड्रेन असलेला कॅन घ्या. नुसता पोकळ डबा काही पकडत नाही. मूळ पाइपचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा आणि नवा होज त्याहून लहान घेऊ नका. होज ऑइल-पेट्रोल सोसणारा नायट्राइल किंवा फ्लुओरो अस्तराचा हवा. साध्या सिलिकॉन होजमधून ऑइल पाझरतं, आणि हीटरचा होज ऑइलने फुगून मऊ पडतो. होजचा उतार इंजिनाकडून कॅनकडे ठेवा, मध्ये झोळ पडला तर तिथेच ऑइल साचतं. इंजिन हलतं, म्हणून थोडी ढील सोडा.

टर्बो गाडीत दोन वाटा असतात. व्हॅक्युम असताना वायू मॅनिफोल्डकडे जातो, बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, आल्यावर टर्बोच्या तोंडाकडे. एकाच वाटेवर कॅन लावला तर दुसरी उघडीच राहते, आणि ट्रॅकवर नेमकी बूस्टची वाट महत्त्वाची असते. मॅनिफोल्डकडचा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वायू सोडणारा) कधीही काढू नका. तो नसेल तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो, डिपस्टिक उडते आणि मागचं क्रँक सील जातं. काम झाल्यावर ओबीडी रीडरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावर, लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा. ती आधीपेक्षा बरीच प्लसकडे सरकली असेल तर कुठेतरी हवा आत शिरतेय.

कॅन बसवायची जागा नागपुरात फार विचार करून निवडावी लागते. कॅनची भिंत वायूपेक्षा थंड असेल तरच वाफ द्रव होते. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना टर्बोच्या शेजारी बसवलेला कॅन जवळजवळ निकामी असतो. तो एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला, पुढून ताजी हवा मिळेल असा, रेडिएटरच्या मागच्या गरम झोतातून दूर बसवा. डिसेंबर-जानेवारीत चित्र उलटं होतं. धरमपेठहून सीताबर्डीपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि कॅनमध्ये दुधाळ, पाणीदार चिखल जमतो. त्यावरून हेड गॅस्केट गेलं असं समजू नका, कूलंटची पातळी स्थिर असेल तर ती फक्त वाफ आहे. त्या दोन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी कॅन रिकामा करा, एरवी दर हजार किलोमीटरला बघितलं तरी चालेल. भरलेला कॅन नसलेल्या कॅनपेक्षा वाईट, कारण तो साचलेला द्रव एकदम इनटेकमध्ये ओततो.

कॅनवर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडायची पद्धत टाळा. क्रँककेसचा वायू वातावरणात सोडणं उत्सर्जनाच्या नियमांत बसत नाही, आणि केबिनमध्ये वास येतो तो वेगळाच. वॉरंटी चालू असेल तर आधी डीलरकडून लेखी उत्तर घ्या. कॅनमधून निघालेला माल नालीत किंवा अंगणात ओतू नका, जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये टाकायला गॅरेजला द्या.