बाहुलीच्या विगला लोकर किती लागेल?

विग अर्धा झाला आणि लोकर संपली की खरा त्रास सुरू होतो. इंदूरला राजवाड्याच्या आसपास दुकानं पुष्कळ, पण दुसरा गोळा वेगळ्या लॉटचा निघाला तर रंगातला फरक डोळ्यांत भरतोच. म्हणून आता आधी हिशोब, मग खरेदी.

डोक्यावरची टोपी म्हणजे अर्धा गोल धरायचा. घेर २० सेंमी असेल तर २० गुणिले २०, भागिले ६.२८, म्हणजे साधारण ६४ चौरस सेंमी. केसांच्या पट्ट्या १ सेंमी अंतरावर शिवल्या तर ६४ सेंमी पट्टी लागते, अर्ध्या सेंमीवर शिवल्या तर थेट दुप्पट.

पुढचं काम वजनकाट्याचं. अ‍ॅक्रिलिक लोकरीचा पीळ सोडवून तारेच्या ब्रशने विंचरलं की बराच पुंजका ब्रशातच अडकतो. तोही मोजला जावा म्हणून मी नमुन्याच्या १० सेंमी पट्टीची लोकर विंचरण्याआधीच वजन करून घेते. भाचीच्या बाहुलीसाठी ती ५ ग्रॅम भरली, म्हणजे विगला ३२. भांगापाशी टोपी दिसली तर सगळी मेहनत वाया, तिथे हात आखडता घेऊ नये. त्यासाठी वर ८ ग्रॅम. ५० ग्रॅमचा एक गोळा छान पुरला.

केस कमरेपर्यंत हवे असतील तर नमुनाही तेवढ्याच लांबीचा करा.