थायलंडला इंग्रजी शिकवायला जातेस? आधी कागद बघ

मालवण-कुडाळच्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी फोन करतात, "मॅडम, थायलंडला शिकवायला जायचंय, सुरुवात कुठून करू?" मी सांगते, पदवीचं सर्टिफिकेट आणि पासपोर्ट शेजारी ठेव नि नाव अक्षरन्‌अक्षर ताडून बघ. आपल्याकडे एकावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर आडनाव आधी. लग्न झालं असेल तर तिसराच घोळ. हे इथे असतानाच निस्तर. बँकॉकात बसून मुंबई विद्यापीठाचे उंबरे झिजवता येत नाहीत.

पदवीचं साक्षांकन आधी राज्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा पोर्टलवरून. टेफलचा, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचा, 120 तासांचा कोर्स कर, पण वर्गात उभं राहून शिकवायचा सराव देणारा. टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुणही मागतात, आपली मातृभाषा इंग्रजी नाही ना!

"टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं बघू" म्हणणाऱ्या एजंटाला लांबूनच नमस्कार. नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट, दोन्ही हवेत.

शाळा मेच्या मध्यावर सुरू होतात, म्हणजे ऐन आंब्यात. घरचे बागेच्या कामाला अडकवतील, आधीच सांगून ठेव.

जेवणाची चिंता नको, नारळाचा रस तिथेही सढळ. कोकमं मात्र इथूनच ने. चिंचेवर बांगड्याचं तिखलं जमत नाही.