खाडीच्या गाळातले जीव मोजताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की रत्नागिरीजवळच्या भाट्येच्या खाडीवर एमएस्सीची नवी मुलं गाळ काढायला येतात. मुलं हुशार असतात, पण सगळ्यांना घाई असते आणि चुका दरवर्षी त्याच होतात.

मला सगळ्यात जास्त सलते ती चूक म्हणजे नमुने टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये टाकणखार न घालणं. फॉर्मलिन मुरत गेलं की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते चुन्याची कवचं खातं. एका मुलाने बारा जागांचे नमुने ‘टाकणखार नंतर घालू’ म्हणून तसेच कपाटात ठेवले. चार महिन्यांनी बरणी उघडली. मुगाएवढी शिंपली चिमट्यात धरली तर कवच भिजल्या कागदासारखं दुमडलं. आतलं अंग शाबूत होतं, पण जात ओळखायची ती बिजागरीच्या दातांवरून, आणि ते दातच उरले नव्हते. पावसात खाडीचं पाणी गोडं होऊन कितीतरी जीव मरतात, मग नवी वस्ती धरते. त्या वर्षीची ती वेळ हातची गेली. तेव्हापासून मी कॅनमध्येच टाकणखार टाकून ठेवतो, तळाशी न विरघळलेला थर दिसेल इतका. तो दिसत नसेल तर त्या कॅनला मी हात लावत नाही.

दुसरी चूक चाळणीची. 1 मिलिमीटरची चाळण लवकर उरकते म्हणून मुलं तीच उचलतात, आणि बारीक पॉलीकीट, म्हणजे गाळातले वलयांचे किडे, खाली वाहून जातात. आपल्या खाड्यांत 0.5 मिलिमीटरचीच वापरा. वरून पाइपने पाणी मारू नका, हाताने गाळ चोळू नका. अळीसारखे हे जीव लगेच तुटतात. मी चाळण टबातल्या पाण्यात अर्धी बुडवून हलकेच गोल फिरवतो. एका नमुन्याला अर्धा तास लागला तरी चालेल. तरीही तुकडे होणारच, म्हणून फक्त डोकी मोजा. शेपट्या मोजून आकडा फुगवलेला मी पाहिलाय, फार वाईट वाटतं.

ग्रॅबच्या, म्हणजे तळातला गाळ उचलणाऱ्या यंत्राच्या, जबड्यात शिंपला अडकून ते पाणी गळत वर आलं, तर तो नमुना फेकून ग्रॅब पुन्हा टाका. बहुतेक जीव वरच्या काही सेंटिमीटरमध्येच राहतात आणि नेमका तोच थर धुऊन गेलेला असतो.

चिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि बरणीच्या आत टाका. नमुने पुढे अल्कोहोलमध्ये जातात, तिथे शाई उतरते.

फॉर्मलिन उघड्यावर, हातमोजे घालूनच हाताळा.

आणि जीव ओळखू यावेत म्हणून घालतात त्या रोझ बेंगाल रंगाने गुलाबी झालेलं सगळंच जिवंत नव्हतं. कुजक्या पानांचे तुकडेही रंग धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक उलटून बघा.