धबधब्यांची गोल रानवाट: पावसाळ्यात आखावी कशी आणि चालावी कशी

मुंबईच्या आसपासच्या रानांत पावसाळ्यात एका वाटेने चढून, धबधबे पाहत दुसऱ्या वाटेने उतरण्याची भटकंती अनेकांना आवडते, कारण तीच वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. मात्र आल्या वाटेने परतताना प्रत्येक ओढा सकाळी ओलांडलेला, म्हणून ओळखीचा असतो. गोल वाटेवर शेवटचा ओढा पहिल्यांदाच समोर येतो, तोही दुपार उलटून पाय थकल्यावर. त्यामुळे आखणीचा भर धबधब्यांपेक्षा ओढ्यांवर असावा.

वाट निवडण्यापूर्वी ती खुली आहे का, हे पाहावे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे असून तेथे बिबट्यांचा वावर आहे. आतील शिलोंड्यासारख्या वाटांसाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि सोमवारी उद्यान बंद असते. वसईजवळच्या चिंचोटीसारख्या धबधब्यांवर दुर्घटनांमुळे पावसाळ्यात प्रतिबंधात्मक आदेश लागू होतात. पूर्वी जमावबंदीचे १४४ कलम म्हणून ओळखली जाणारी तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमात आहे. आदेश असताना मागच्या ढोरवाटेने शिरण्याचा मोह टाळावा, कारण त्या वाटेवर अडकलेल्या माणसाला शोधायला कोणी लवकर येत नाही.

नकाशावर समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) आणि ओढे दोन्ही पाहावेत आणि वाट ज्या ज्या ठिकाणी ओढा ओलांडते तेथे खूण करावी. त्यांपैकी सर्वांत मोठा ओढा सकाळीच ओलांडला जाईल, अशी दिशा घ्यावी, म्हणजे पाणी जास्त आढळल्यास तेथूनच मागे फिरता येते. धबधब्यालगतचा ओला, खडा कातळ चढणे त्यावरून उतरण्यापेक्षा सोपे असते, म्हणून तो भाग शक्यतो चढाईत आणि रुंद गाडीवाट उतरणीत ठेवावी. दोन्ही जमत नसेल, तर ओढ्याला प्राधान्य द्यावे. पायथ्याच्या पाड्यावर चौकशी करताना ‘जाता येईल का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘हो’ असेच मिळते. ‘काल दुपारी ओढ्याला पाणी कुठपर्यंत होतं?’ असे विचारल्यास माणूस मांडीला किंवा कमरेला हात लावून दाखवतो, आणि त्यावरून खरा अंदाज येतो. वाटाड्या मिळत असेल, तर अवश्य न्यावा.

वेळेचा हिशेब सढळ असावा. चिखल आणि शेवाळातून तासाला दोन किलोमीटर धरल्यास आठ किलोमीटरच्या फेरीला थांबे सोडून चार तास लागतात. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळत असला, तरी ढगाळ दिवशी झाडीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारते. माघारीची वेळ घरूनच ठरवावी आणि त्या वेळेपर्यंत निम्मी वाट झाली नसेल, तर आल्या वाटेने परतावे. धबधबा समोर दिसू लागल्यावर हा निर्णय कोणालाच घेता येत नाही.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार आणि ११५.६ पासून अतिजोरदार पाऊस धरतात. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असल्यास बेत रद्द करावा. या डोंगरांतील ओढ्यांचे पाणलोट लहान आणि कातळ कठीण असल्याने पाणी मुरत नाही, काही मिनिटांत चढते. वर माथ्यावर सर कोसळत असताना खाली ऊनही असू शकते. स्वच्छ पाणी गढूळ होणे, त्यावर पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणे, खळखळाटाचा घुमारा होणे, यांपैकी एकही खूण दिसताच पात्रातून बाहेर पडून उंचावर जावे.

ओढा ओलांडण्यासाठी पात्र जेथे पसरट आणि उथळ आहे, अशी जागा शोधावी. अरुंद जागा सोयीची भासते, पण तेथे पाणी खोल आणि वेगवान असते. धबधब्याच्या काठाच्या वरच्या अंगाने कधीही ओलांडू नये. सॅकचा कमरपट्टा सोडावा, तोंड प्रवाहाच्या उगमाकडे ठेवावे आणि काठी पुढे रोवून एका वेळी एकच पाय आडवा सरकवावा. गुळगुळीत, हिरवट झाक असलेल्या दगडावर पाय न देता दोन दगडांमधल्या वाळूवर किंवा खरबरीत कपारीवर टाच टेकवावी. पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर ओलांडू नये.

धबधब्याखाली उभे राहणे टाळावे, कारण पाण्यासोबत दगडही येतात. खालच्या कुंडाचा तळ गढूळ पाण्यात दिसत नाही, म्हणून पोहणे वर्ज्यच समजावे.

सामानात खोल नक्षीच्या रबरी तळाचे बूट, टॉर्च, शिटी, कोरडे कपडे आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाइल एवढे हवेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या पट्ट्यात आढळतात. दंश झाल्यास जखम चिरू नये, करकचून बांधू नये, तो अवयव हलू न देता रुग्णाला प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालल्यास आणि पुढील काही दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना तसे सांगावे, म्हणजे लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) तपासणी वेळेत होते.

एवढे करूनही शेवटचा ओढा फुगलेला आढळला, तर काठावर उंच जागा पाहून थांबावे. पाणलोट लहान असल्यामुळे पाऊस थांबल्यावर पाणी बहुधा तास-दोन तासांत उतरते. काठाला दगडाची खूण ठेवून ते उतरते आहे याची खात्री करावी, रेंज मिळाल्यास घरी उशीर होत असल्याचे कळवावे, आणि अंधार पडला तरी पाणी ओसरल्याशिवाय पात्रात पाय घालू नये.