दुहेरी काचेच्या खिडकीची दुरुस्ती: आधी सिलिकॉनची नळी खाली ठेवा

खिडकीतून पाणी आलं, वारा शिरला, काच धुरकटली, की हात सगळ्यात आधी सिलिकॉनच्या नळीकडे जातो. माझाही गेला होता. खिडकीच्या खालच्या चौकटीला बाहेरच्या अंगाने दोन बारीक फटी होत्या आणि जोराच्या पावसात त्यांतून पाणी टपकायचं. मला वाटलं, खिडकी गळतेय. शिडी लावली, दोन्ही फटी बुजवल्या, वरून बोट फिरवून कड गुळगुळीतसुद्धा केली. दोन वर्षांनी त्याच खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, दोन काचांच्या मधोमध, सकाळी धुक्याचा पट्टा दिसायला लागला. बीडिंग (काच धरून ठेवणाऱ्या कडेच्या पट्ट्या) काढून पाहिलं तर काचेची खालची कड साचलेल्या पाण्यात उभी होती आणि त्या पाण्याला शेवाळाचा वास येत होता.

त्या फटी म्हणजे खिडकीचं गटार होतं. बाहेरच्या रबराला चुकवून थोडं पाणी आत शिरणारच, हे धरूनच या चौकटी बनवलेल्या असतात. ते पाणी खालच्या खाचेत उतरतं आणि फटीतून बाहेर जातं. त्यामुळे पावसात तिथून पाणी येताना दिसलं तर खिडकी आपलं काम करते आहे असं समजायचं. उलट भर पावसात त्या कोरड्या राहिल्या तर आत काहीतरी तुंबलंय. धूळ, किड्यांची मातीची घरं, रंगकामाचे पापुद्रे हे नेहमीचे गुन्हेगार. पातळ तार किंवा जुना टूथब्रश वर्षातून एकदा फिरवला तरी पुरतं.

ओल कुठल्या बाजूला आहे हे न बघणं

काचेवर पाण्याचे थेंब दिसले की "सील गेलं", म्हणजे दोन काचांच्या कडा हवाबंद करणारा जोड सुटला, असं जाहीर करून लोक नव्या काचेची चौकशी सुरू करतात. त्याआधी बोट फिरवा. आतून पुसलं गेलं तर दोष घरातल्या हवेचा आहे. खोलीत 20 अंश सेल्सियस तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 12 अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव जमतं. काच तितकी गार झाली की ती ओली होणारच. आत वाळत घातलेल्या कपड्यांतलं, उकळत्या भांड्यातलं, आंघोळीच्या वाफेतलं सगळं पाणी शेवटी हवेतच जातं. इथे इलाज खिडकीचा करायचा नाही. हवा खेळती ठेवायची आणि काचेला चिकटून असलेले जाड पडदे थोडे मागे घ्यायचे.

बाहेरून पुसलं गेलं तर काळजीच सोडा. निरभ्र रात्री बाहेरची काच उघड्या आकाशाखाली थंड होते आणि घरातली ऊब तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिच्यावर दव पडतं. चांगल्या इन्सुलेशनची ही खूणच म्हणा ना.

आतून पुसलं, बाहेरून पुसलं, तरी डाग तसाच? मग मात्र सील गेलेलं आहे.

धुरकटलेल्या काचेला भोक पाडून "वाळवणं"

दोन काचांच्या मध्ये कडेने धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी असते. तिच्या पोकळीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. नीट पाहिलं तर पट्टीच्या आतल्या बाजूला त्यांच्यासाठीची बारीक छिद्रं दिसतात. पट्टी आणि काच यांच्या मध्ये ब्युटाइल रबराचा काळा थर आणि त्याच्या बाहेर दुसरं, मजबूत सील. दिवसा आतली हवा फुगते, रात्री आकसते, आणि कडा रोज थोड्या ताणल्या जातात. सील कुठेतरी सुटलं की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. सुरुवातीला दाणे ती ओल गिळत राहतात, त्यामुळे आपल्याला काही कळतच नाही. पोट भरलं की सकाळी धुकं दिसतं आणि दुपारी नाहीसं होतं. त्यानंतर ते जायचंच थांबतं. फार दिवस ओल राहिली तर काचेवरच पांढुरका चरा उमटतो, आणि तो कशानेच निघत नाही.

काचेला बारीक भोक पाडून आत कोरडी हवा सोडायची आणि बुच लावायचं, असाही एक उपाय सांगतात. माझ्या मते ही निव्वळ रंगरंगोटी आहे. दिसायला काही दिवस बरं वाटतं, पण संपलेले दाणे नवे होत नाहीत, मध्ये आर्गॉन वायू भरलेला असेल तर तो परत येत नाही, आणि फुटलेलं सील फुटलेलंच राहतं. काच टफन केलेली (तापवून कणखर केलेली) असेल तर भोक पाडायचा नादच करू नका. ड्रिल लागताच सगळी काच चण्याएवढ्या तुकड्यांत खाली येते. कोपऱ्यात छापलेला बारीक शिक्का आधी वाचा.

खरा इलाज एकच: जोडकाच, म्हणजे कडेने सील केलेली दोन काचांची जोडी, बदलणं. चौकट, झडप (खिडकीचा उघडझाप होणारा भाग), बिजागऱ्या सगळं जागच्या जागी राहतं. "पूर्ण खिडकीच बदलावी लागेल" असं कुणी सांगितलं तर कारण विचारा. चौकट वाकलेली किंवा सांधे उकललेले नसतील तर सहसा तशी गरज पडत नाही.

माप घेण्यातली घाई

जोडकाच जागेवर कापून बसवता येत नाही. ती मापाने बनवून येते, त्यामुळे चूक झाली की ती काच भिंतीला टेकून उभी राहते. नुसत्या दिसणाऱ्या काचेचं माप देऊ नका. बीडिंग काढा, खाचेच्या तळापासून समोरच्या तळापर्यंत रुंदी तीन ठिकाणी मोजा, उंचीही तीन ठिकाणी मोजा, दोन्हींत सगळ्यात लहान आकडा घ्या आणि त्यातून एकूण 10 मिलिमीटर वजा करा, म्हणजे प्रत्येक बाजूला 5 सुटतात. कर्णही मोजा. दोन कर्णांत फरक निघाला तर चौकट गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत. कागदावर "रुंदी" आणि "उंची" हे शब्द लिहा, नुसते आकडे नकोत.

जाडीही तितकीच महत्त्वाची. 4 मिलिमीटर काच, 16 ची पोकळी आणि पुन्हा 4 ची काच म्हणजे 24 मिलिमीटरची जोडकाच. पोकळी 20 असेल तर 28. बीडिंग आणि रबर त्या जाडीलाच बेतलेले असतात. दोन मिलिमीटर कमी पडले तर काच खडखडते आणि पाणी आत येतं, जास्त झाले तर बीडिंग बसतच नाही.

जुन्या काचेवर उष्णता अडवणारा लेप आहे का, हेही पाहून ठेवा. अंधार पडल्यावर काचेसमोर लायटरची ज्योत धरा. चार पृष्ठभागांची चार प्रतिबिंबं एकामागे एक दिसतात. त्यांतलं एक वेगळ्या रंगाचं, बहुधा गुलाबी किंवा जांभळट दिसलं, तर लेप त्या पृष्ठभागावर आहे. बाहेरून मोजत दुसरा की तिसरा, हे लिहून ठेवा. दुसऱ्यावर असेल तर ऊन बाहेर अडतं, तिसऱ्यावर असेल तर उन्हाची ऊब आत जास्त येते. नवी काच आली की "बाहेरची बाजू कोणती" हा प्रश्न त्याच ज्योतीने पुन्हा तपासा. दारातली किंवा जमिनीलगतची काच सुरक्षा काच असेल, तर बदलीही त्याच जातीची मागवा.

आणि वजनाचा हिशेब विसरू नका. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला 2.5 किलो. दोन्ही काचा 4 मिलिमीटरच्या असतील तर चौरस मीटरला 20 किलो. 1.2 बाय 1.5 मीटरची काच 36 किलोंची झाली. ही एकट्याने, शिडीवर उभं राहून उचलायची वस्तू नाही.

बीडिंग उपटणं, आणि पॅकिंग फेकून देणं

बीडिंग काढताना कोपऱ्यापासून सुरुवात केली की टोकं मोडतात. सगळ्यात लांब पट्टीच्या मधोमध पातळ पटाशी घालून अलगद उचलायची. मधून ती धनुष्यासारखी वाकते आणि कोपरे आपोआप सुटतात. प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलीने वर, खाली, डावी, उजवी लिहून ठेवा. परत बसवताना आखूड आधी, लांब शेवटी.

काचेखाली प्लास्टिकचे छोटे ठोकळे दिसतील. "हे काय मध्येच?" म्हणून ते टाकून देणारे मी पाहिले आहेत. काच चौकटीवर थेट बसवायची नसते, ती या पॅकिंगवर बसते. पॅकिंग जोडकाचेच्या पूर्ण जाडीइतकं रुंद हवं. अरुंद असेल तर एकच काच टेकते, दुसरी अधांतरी लोंबकळते आणि तिचं वजन थेट सीलवर येतं. लाकडाच्या चिपा घालू नका, त्या फुगतात आणि कुजतात. आणि पॅकिंगने पाणी वाहायची वाट अडत नाही ना, हे पाहा.

बिजागरीच्या झडपेत पॅकिंगचं आणखी एक काम असतं. हँडलकडची बाजू खाली उतरली, झडप चौकटीला घासायला लागली, की लोक बिजागरीचे स्क्रू आवळतात, नाहीतर कड तासतात. स्क्रू सैल असतील तर आवळा, पण तेवढ्याने भागलं नाही तर दोष बहुधा पॅकिंगचा. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक ठोकळा आणि त्याच्या तिरकस समोर, हँडलकडच्या वरच्या कोपऱ्यात दुसरा. असा ताण दिला की काच स्वतःच तिरक्या टेकूचं काम करते आणि झडप वर उचलली जाते. एकेका मिलिमीटरने वाढवत जा. जोर लावून ठोकलं तर काच कोपऱ्यातून तडकते.

हँडल अडलं म्हणून तेल ओतणं

झडप उघडी ठेवून हँडल फिरवा. उघड्यावर लोण्यासारखं फिरतं आणि बंद केल्यावरच अडतं, तर कुलूप ठीक आहे, झडप जागची हललेली आहे. वर सांगितलेलं पॅकिंग तपासा. उघड्यावरही अडतं तर आतली यंत्रणा गेली. ती बदलावी लागेल. हँडलवर ताकद लावून फायदा नाही, दांडा मोडला की झडप बंदच्या बंद राहते आणि मग खरी पंचाईत. हलत्या भागांना हलकं मशीन ऑइल पुरतं. मात्र झडप हव्या त्या कोनात थांबवणारी घसरती बिजागरी असेल तर तिच्या घर्षणाच्या जागी तेल लावू नका, वाऱ्याने झडप आपटायला लागेल.

वारा येत असेल तर झडपेत कागदाची पट्टी धरून बंद करा आणि ओढा. सहज निघाली ती जागा सैल. बऱ्याच कुलपांचे गोल खुंट जरासे विषमकेंद्री असतात, अ‍ॅलन कीने थोडे फिरवले की झडप घट्ट ओढली जाते. फार आवळू नका, रबर चेपून कायमचं चपटं होतं. रबर बदलायचंच असेल तर ताणून बसवू नका. ताणलेलं रबर काही दिवसांत आकसतं आणि कोपऱ्यात फट पडते. थोडं लांब कापा आणि दाबून बसवा.

काही किरकोळ गोष्टी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जोडकाचेच्या कडेला लावू नका, त्यातलं आम्ल सीलला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) चौकटीवर थिनर किंवा अ‍ॅसिटोन नको, पृष्ठभाग विरघळतो. दाबाच्या पाण्याचा फवारा रबरावर रोखू नका. ऊन अडवणारी गडद फिल्म आतून चिकटवण्याआधी ती दुहेरी काचेला चालते का, हे विचारा. काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड गार राहते आणि काच तडकते. असा तडा कडेशी काटकोनात सुरू होतो, त्यावरून तो ओळखता येतो.

नवी काच बसवण्याआधी एक शेवटचं काम. रिकाम्या खाचेत मगभर पाणी ओता आणि बाहेर जाऊन बघा. पाणी लगेच फटीतून वाहायला लागलं पाहिजे. आमच्या खिडकीत थेंबही आला नाही. मीच इतक्या निगुतीने भरलेलं सिलिकॉन चाकूच्या टोकाने कोरून काढण्यात अर्धी सकाळ गेली.