रायफलच्या लाकडी दस्त्याचे फिनिशिंग: या चुका टाळा

अक्रोडाच्या दस्त्याला तेल लावल्यावर जे ओरखडे दिसू लागतात, ते बहुतेक वेळा घासकामात राहून गेलेले असतात. तेलाने ते फक्त उघडे पडतात. 120 नंबरच्या पॉलिश पेपरवरून थेट 320 वर उडी मारली की हे हमखास होते. 120, 180, 220, 320 असा क्रम ठेवा, आणि प्रत्येक टप्प्यावर लाकूड टर्पेंटाइनने पुसून तिरक्या उजेडात बघा. आडवा ओरखडा दिसला तर मागच्या नंबरवर परत जा.

पेपर नुसत्या बोटांनी धरू नका. मऊ लाकूड जास्त झिजते, कठीण रेषा वर राहतात आणि पृष्ठभाग लहरी होतो. सपाट भागाला ठोकळा, गोलाईला जाड रबराचा तुकडा वापरा. रीकॉइल पॅडजवळची (दस्त्याच्या मागच्या टोकाच्या, धक्का झेलणाऱ्या रबरी पॅडजवळची) कडा पॅड बसवलेला असतानाच घासा. नाहीतर ती गोल होते आणि सांध्यात फट दिसते. ही फट नंतर झाकता येत नाही.

शेवटच्या पेपरनंतर ओले फडके फिरवून दस्ता वाळवा. उभे राहिलेले तंतू 320 ने हलकेच कापा. तंतू उठायचे थांबेपर्यंत, साधारण 2-3 वेळा, हे करा. स्टील वूल मात्र टाळा: तिचे कण छिद्रांत अडकून गंजतात आणि अक्रोडातल्या टॅनिन या द्रव्यामुळे काळे डाग पडतात.

तेल लावल्यावर दस्ता चिकट राहिला, तर तेलाचा थर जाड झाला आहे. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. जाड थराला वर साय येते, खाली ओलेच राहते. टर्पेंटाइन आणि खरखरीत कापडाने तो थर काढा. कच्चे जवसाचे तेल फारच सावकाश वाळते, म्हणून बॉइल्ड लिन्सीड (लवकर वाळणारे जवसाचे तेल) घ्या. पातळ हात द्या, 10-15 मिनिटांनी कोरडे पुसा, पुढचा हात दुसऱ्या दिवशी. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा.

पॅडखालचे आडवे कापलेले लाकूड आणि बॅरल बसते ती खाच बहुतेकजण कोरडी सोडतात. ओलावा तिथूनच शिरतो, लाकूड फुगते आणि बॅरलला टेकू लागते. मग नेम सरकतो.

चेकरिंग (पकडीसाठी कोरलेली टोकदार चौकटींची जाळी) फिनिशनंतरच कोरा. आधी कोरले तर तेल खोबणीत साचते आणि टोके बोथट दिसतात. कोरलेल्या भागाला टर्पेंटाइनने पातळ केलेले तेल जुन्या टूथब्रशने लावा आणि जास्तीचे लगेच त्याच ब्रशने काढून घ्या.